धरायचे काय, टाकायचे काय

१९६३ साली सिकंदराबादच्या क्रेसेंट रिक्रिएशन क्लबवर पोलिसांनी छापा घातला, तेव्हा तिथे पैसे लावून रमी चालू होती. खटला उभा राहिला तो निजामाच्या राज्यातल्या १३०५ फसलीच्या हैदराबाद जुगार कायद्याखाली. आदिलाबादलाही तेव्हा तोच कायदा होता. दंडाधिकाऱ्यांनी आरोपींना दोषी ठरवले, उच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली आणि १९६७च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील फेटाळले. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : रमीत पडलेली पाने ध्यानात ठेवावी लागतात, कोणते पान धरायचे आणि कोणते टाकायचे हे ठरवायला बरेच कौशल्य लागते, म्हणून तिला केवळ नशिबाचा खेळ म्हणता येणार नाही. तीन पानांचा फ्लश मात्र त्यांनी नशिबाच्या बाजूला ठेवला.

ही रेघ पुढे आपल्याकडे बरीच सरकली, त्याबद्दल नंतर. आज लिहायचे आहे ते या रेघेच्या अगदी मधोमध बसणाऱ्या एका खेळाबद्दल. पाच पानांच्या ड्रॉ पोकरमध्ये तीन पत्तीसारख्या चाली आहेत आणि रमीसारखी पानांची अदलाबदलही आहे. आदिलाबादकडच्या बेला, जैनथ, तामसी या भागातल्या मराठी घरांत मेंढीकोट, लाडिस, पाच-तीन-दोन पोरासोरांनाही येतात. पोळ्याला आणि दिवाळीला रमीचा पट पडतो, कोपऱ्यात तीन पत्तीही चालते. पोकर हे नाव मात्र इथे बहुतेकांनी मोबाइलवरच्या जाहिरातीत पहिल्यांदा ऐकले, आणि तेही ‘कौशल्याचा खेळ’ या बिरुदासकट. कौशल्य आहे तर शिकून घ्यावे आणि कमवावे, असा अर्थ तरुणांनी काढला तर त्यांना दोष देता येत नाही. बिरुद खोटे नव्हते. त्याच्या आडून केलेले सूचन खोटे होते. हे पटवायला उपदेश उपयोगी पडत नाही. तो खेळ नीट शिकवणे हाच त्यावरचा चांगला उपाय आहे, असे आम्हाला वाटते.

शिकण्यासाठी पैसे लागत नाहीत. प्रत्येकाने शंभर चिंचोके मोजून घ्यावेत.

खेळ साधा आहे. बावन्न पानांचा कॅट, जोकर बाजूला. डाव सुरू होण्याआधी प्रत्येकाने एक चिंचोका बूट म्हणून मध्ये टाकायचा. प्रत्येकाला पाच पाने पालथी वाटली जातात. वाटणाऱ्याच्या शेजारच्यापासून चालींची पहिली फेरी होते : चाल करायची, आधीच्याच्या चालीची बरोबरी करायची, ती वाढवायची किंवा पॅक व्हायचे. फेरी संपली की उरलेल्यांनी नको असलेली पाने पालथी टाकून तितकीच नवी घ्यायची. नवशिक्यांनी जास्तीत जास्त तीन पाने बदलण्याचा नियम ठेवावा. मग दुसरी फेरी आणि शेवटी शो. सहापेक्षा जास्त माणसे बसवू नयेत. सहा जणांची तीस पाने वाटून झाल्यावर सगळ्यांनी तीन-तीन बदलली तरी अठरा लागतात, म्हणजे अठ्ठेचाळीस. सातवा बसला की हिशेब छप्पन्नवर जातो आणि कॅट संपतो.

आता हातांची उतरंड. तीन पत्ती खेळलेल्या माणसाची पहिली अडचण इथेच होते, कारण त्याला पाठ असलेला क्रम इथे उलटतो. तीन पत्तीत सीक्वेन्स कलरच्या वर असतो. पाच पानांत कलर सीक्वेन्सच्या वर. हा कुणाचा लहरीपणा नाही. तीन पानांचे २२,१०० वेगवेगळे हात होऊ शकतात. त्यांत साधे सीक्वेन्स ७२० आणि साधे कलर १,०९६, म्हणून दुर्मीळ असलेला सीक्वेन्स मोठा. पाच पानांचे हात २५,९८,९६० होतात. त्यांत सीक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८, म्हणजे कलर जवळजवळ दुप्पट दुर्मीळ. जे कमी वेळा येते ते मोठे, हा न्याय पोकरने वरपासून खालपर्यंत पाळला आहे. (तीन पत्तीने तो पुरता पाळलेला नाही. तिच्यात ट्रेल, म्हणजे तीन एकसारखी पाने, सर्वांत वर असतो, पण ट्रेल बावन्न प्रकारे लागतो आणि पक्की रन, म्हणजे एकाच रंगाचा सीक्वेन्स, अठ्ठेचाळीसच प्रकारे. न्यायाने पक्की रन वर हवी होती. इतक्या वर्षांत कुणी तक्रार केलेली दिसत नाही.)

सर्वांत वर एकाच रंगाचा सीक्वेन्स, त्याखाली चार एकसारखी पाने, मग फुल हाऊस म्हणजे तिकडी अधिक जोडी, मग कलर, सीक्वेन्स, तिकडी, दोन जोड्या, एक जोडी आणि शेवटी काहीच न जमलेला हात. एक्का राजाच्या वरही चालतो आणि दुर्रीच्या खालीही.

या उतरंडीपेक्षा महत्त्वाचे आहे ते प्रत्येक हात किती वेळा येतो हे. वाटलेल्या पाच पानांत काहीच नसण्याचे प्रमाण शंभरात पन्नास. एकच जोडी असण्याचे बेचाळीस. राहिलेल्या आठांत दोन जोड्या पावणेपाच वेळा आणि तिकडी दोन वेळा. सीक्वेन्स, कलर, फुल हाऊस आणि त्यावरचे सगळे मिळून शंभरात एकदाही येत नाहीत. तीन पत्तीत जोडी शंभरात सतराच वेळा येते, त्यामुळे छक्कीची जोडी लागली तरी माणूस ताठ बसतो. इथे तीच छक्कीची जोडी घेऊन बसलेल्याच्या समोर पाच जण असतात आणि त्यांतल्या साधारण निम्म्यांकडे जोडी किंवा त्याहून काही मोठे असतेच. नवशिक्याचे बहुतेक चिंचोके इथेच जातात. मोठ्या हातांच्या नाट्यमय टकरीत नव्हे, तर लहान जोड्या धरून केलेल्या किरकोळ बरोबऱ्यांत.

म्हणून पहिली गोष्ट : पॅक व्हायला शिका. गुलामाची जोडी किंवा त्याहून मोठे काही पाचांत साधारण एकदाच हाती येते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत तर असा नियमच रूढ झाला की निदान गुलामाची जोडी असल्याशिवाय डाव उघडता येणार नाही. आपल्या घरच्या पटावर हा नियम ठेवा किंवा ठेवू नका, नवशिक्याने तो स्वतःपुरता पाळावा. पाचांपैकी चार वेळा पाने खाली ठेवायची आणि बघत बसायचे. हे कंटाळवाणे आहे यात वाद नाही. पण ज्याला हा कंटाळा सोसत नाही त्याने मेंढीकोट खेळावा. तो खेळही काही कमी नाही.

गुलामाची जोडी प्रत्येक जागेवर सारखी नसते, ही त्यापुढची बाब. सहा जणांत पहिली चाल तुमची असेल तर तुमच्या मागे पाच जण आहेत. त्यांच्यापैकी निदान एकाकडे राणीची जोडी किंवा त्याहून मोठे काही असण्याची शक्यता शंभरात साठच्या आसपास निघते. पहिल्या जागेवरून गुलामाची जोडी उघडणारा बहुधा मागेच असतो. तिथून एक्क्याची जोडी उघडावी, फार तर राजाची. सगळे पॅक होत होत डाव तुमच्यापर्यंत आला आणि मागे एकच जण उरला असेल, तर त्याच्याकडे तुमच्या गुलामांपेक्षा मोठे असण्याची शक्यता सहांत एक इतकीच राहते. तेव्हा खुशाल उघडा. शेवटी बोलणाऱ्याला बाकीच्यांनी काय केले ते आधी कळलेले असते. पत्त्यांत फुकट मिळणारी माहिती एवढीच.

आता अदलाबदल, म्हणजे खेळाचा गाभा.

हातात राजाची जोडी आहे, शिवाय एक एक्का आणि दोन किरकोळ पाने. नवशिका एक्का सोडत नाही. जोडी आणि एक्का धरतो, दोन पाने घेतो. एक्का मोठे पान असल्यामुळे ते टाकणे जिवावर येते, एवढेच त्यामागचे कारण. हिशेब काय सांगतो? नुसती जोडी धरून तीन पाने घेतली तर हात सुधारण्याची शक्यता शंभरात २८.७. एक्का धरून दोनच घेतली तर २६. फरक लहान वाटतो, पण तो कुठे पडतो ते पाहा. तिकडी लागण्याची शक्यता पहिल्या मार्गाने साडेअकरा टक्क्यांच्या जवळ आहे, दुसऱ्याने पावणेआठवर येते. एक्का धरल्याने दोन जोड्या किंचित जास्त वेळा लागतात खऱ्या, पण तिकडी त्यांच्यावर जाते. तीन पाने घ्यावीत. एक्का राखण्याला अर्थ तेव्हाच, जेव्हा समोरच्याला तुमच्याकडे तिकडी असावी असे भासवायचे असते. ते पुढच्या इयत्तेतले.

दोन जोड्या लागल्या की माणसाला आनंद होतो आणि तो बेसावध होतो. त्यांचे फुल हाऊस व्हायला उरलेल्या सत्तेचाळीस पानांतली फक्त चार उपयोगी आहेत, म्हणजे शंभरात साडेआठ. दोन जोड्यांचा हात जवळजवळ आहे तसाच राहणार, असे धरून चालावे. पंजी आणि सत्तीच्या दोन जोड्या असतील तर पहिल्याच फेरीत चाल वाढवून माणसे कमी करावीत. चार जण पाने बदलायला राहिले तर त्यांच्यापैकी कुणाला तरी याहून मोठे काही सापडण्याचा धोका बराच वाढतो.

तिकडी ही या खेळातली खरी ताकद. दोन पाने घेतली तर ती दहांत एकदा सुधारते, पण सुधारायची तिला फारशी गरज नसते. गंमत अशी की तिकडीबरोबर एक पान राखून एकच घेतले, तर सुधारण्याची शक्यता १०.४ वरून साडेआठवर येते. नुकसान दोन टक्क्यांचे. त्या मोबदल्यात समोरच्याला वाटते की तुम्ही दोन जोड्यांवर आहात किंवा कलरची वाट बघत आहात. इतक्या स्वस्तात मिळणारे पांघरूण या खेळात दुसरे नाही.

चार बदाम हातात आणि पाचवे पान किलवर. हा हात अनेकांची वाट लावतो. कलर लागेल अशी नऊ पाने सत्तेचाळीसांत उरलेली आहेत, म्हणजे पाचांत एकदा, तीही पुरती नाही. लागला नाही तर हातात काहीच नाही. धरावा की टाकावा? याचे उत्तर हातात नसते, मधल्या ढिगात असते. न लागण्याची पाने अडतीस, लागण्याची नऊ. म्हणजे एका चिंचोक्यामागे सव्वाचार मिळणार असतील तरच बरोबरी परवडते. ढिगात तीस चिंचोके आहेत आणि तुम्हाला पाच टाकायचे आहेत, तर एकास सहा पडतात : जा. ढिगात बारा आणि टाकायचे पाच, तर एकास अडीचही पडत नाहीत : पॅक व्हा, आणि पुढचे पान बदाम निघाले असते का हे पाहण्यासाठी कॅट उलटू नका. दोन्ही टोकांनी उघडा असलेला सीक्वेन्स, म्हणजे सत्ती-अठ्ठी-नश्शी-दश्शी, आठ पानांनी लागतो. त्याला एकास जवळजवळ पाच हवेत. मधले पान हरवलेला सीक्वेन्स चारच पानांनी लागतो आणि एकास पावणेअकरा मागतो. इतका मोठा ढीग घरच्या पटावर क्वचितच दिसतो, त्यामुळे मधले पान शोधत बसू नये हा नियम डोळे मिटून पाळला तरी चालेल. तीन बदाम धरून दोन मागवणाऱ्यांना कलर शंभरात चार वेळा लागतो. त्यांना आपल्या पटावर आग्रहाने बोलवावे.

ढिगात आधी टाकलेले चिंचोके आपले राहिलेले नसतात, हे कळायला सर्वांत जड. बोंडअळीने पोखरलेल्या कपाशीवर आधीच्या तीन फवारण्या झाल्या म्हणून चौथी करणारा शेतकरी आणि ‘आता इतके घातलेच आहेत’ म्हणत शेवटची बरोबरी करणारा खेळाडू एकाच हिशेबात चुकतात. पुढची चाल परवडते का, हा प्रश्न दर वेळी कोरा विचारायचा.

रमीत टाकलेले पान उताणे असते आणि सगळ्यांना दिसते. हिदायतुल्लांनी ज्या स्मरणशक्तीचा उल्लेख केला ती तिथे कामी येते. पत्त्यांची ती परंपरा आपल्या भागात जुनी आहे. २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच असलेल्या निर्मळचे नकाशी कारागीर गंजिफा रंगवत, तशाच तिकडे कोकणात सावंतवाडीचे चितारी. शहाण्णव पानांच्या मोगली गंजिफेत किंवा एकशेवीस पानांच्या दशावतारी गंजिफेत कोणती पाने पडून गेली हे ध्यानात ठेवणाऱ्याचीच सरशी व्हायची. ड्रॉ पोकरमध्ये पाने पालथी पडतात, त्यामुळे ध्यानात ठेवायचे ते पान नसते, आकडा असतो. कुणी किती पाने बदलली? तीन बदलणाऱ्याकडे जोडी आहे, हे जवळजवळ नक्की. दोन बदलणाऱ्याकडे तिकडी किंवा एक्का राखलेली जोडी. एक बदलणाऱ्याकडे दोन जोड्या, नाहीतर कलर-सीक्वेन्सची आशा. एकही न बदलणाऱ्याकडे तयार हात असतो किंवा भरपूर धैर्य. नवशिके स्वतःच्या पानांत इतके बुडालेले असतात की दुसऱ्याने किती मागितली हे त्यांना विचारूनही सांगता येत नाही. पहिल्या काही बैठकांत एवढेच करावे : प्रत्येकाचा आकडा मनात ठेवायचा आणि शोच्या वेळी तो त्याच्या हाताशी ताडून पाहायचा. समोरच्याच्या कपाळावरच्या आठ्यांपेक्षा हा आकडा पुष्कळ खरे बोलतो.

आणि थाप? तिच्याशिवाय पोकरच नाही, हे खरे. जॉन फॉन नॉयमान या गणितज्ञाने मॉर्गेनस्टर्न यांच्यासह १९४४ साली लिहिलेल्या ग्रंथात पोकरची एक सोपी प्रतिकृती घेऊन दाखवले की हलक्या हातावर अधूनमधून मोठी चाल करणे हा उत्तम खेळाचा आवश्यक भाग आहे. कधीच थाप न मारणाऱ्याची मोठी चाल पाहून सगळे पॅक होतात आणि चांगल्या हाताचेही त्याला काही मिळत नाही. पण तीन पत्तीतला बंद खेळण्याचा रुबाब इथे थाप म्हणून चालत नाही. थापेला गोष्ट लागते. पहिल्या फेरीत चाल वाढवली, एकही पान बदलले नाही, दुसऱ्या फेरीत पुन्हा चाल केली. ही गोष्ट सलग आहे, समोरचा विश्वास ठेवू शकतो. तीन पाने बदलून मग एकदम वीस चिंचोके सरकवणाऱ्यावर कुणी का विश्वास ठेवावा? शिवाय थाप एकाला मारता येते, चार जणांना नाही. आणि जो कधीच पॅक होत नाही, त्याला तर मारूच नये. असा एक जण प्रत्येक पटावर असतो; बहुधा तो वयाने मोठा असतो आणि त्याला कुणी काही सांगू शकत नाही.

इथवर जे सांगितले त्यात कौशल्य नक्कीच आहे. आता त्या बिरुदाकडे वळू.

कॅलिफोर्नियात १९११ मध्ये तिथले महाधिवक्ता युलिसिस वेब यांनी मत दिले की ड्रॉ पोकर कौशल्याचा खेळ आहे, पाने न बदलता खेळला जाणारा स्टड पोकर मात्र जुगार. लॉस एंजेलिसजवळच्या गार्डिना गावातले क्लब त्या मतावर उभे राहिले आणि १९८७पर्यंत पोकर म्हणजे ड्रॉ हेच तिथे चालू राहिले. सिकंदराबादच्या रमीवरचा निकाल याच जातीचा. आपल्याकडे १९५७ साली चमरबागवाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कौशल्याला वजन दिले. पोकर त्या तराजूत कुठे बसतो यावर मात्र देशात आजवर एकमत नाही. पश्चिम बंगालच्या १९५७च्या कायद्याने त्याला जुगाराच्या व्याख्येबाहेर ठेवले, नागालँडने २०१६ मध्ये कौशल्याच्या खेळांच्या यादीत घातले, आणि पुढच्याच वर्षी गुजरात उच्च न्यायालयाने त्याला जुगार ठरवले. गोव्यात तो कॅसिनोच्या दिव्यांखाली परवान्याने चालतो.

आदिलाबादच्या वाचकाला हे सगळे दूरचे आहे, कारण तेलंगणाने २०१७ साली हा वादच मिटवून टाकला. १९७४च्या गेमिंग कायद्यात दुरुस्ती करून कौशल्याच्या खेळांना दिलेली सूट काढली आणि ऑनलाइन खेळही कक्षेत घेतले. पैसे लागले की कौशल्य विचारले जात नाही. डोल्लाऱ्याचा पूल ओलांडून पांढरकवड्याकडे निघालेला माणूस पैनगंगेच्या मध्यावर कायदा बदलतो : पलीकडे १८८७चा महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा आहे आणि त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला अजून जागा आहे. एकाच मराठी कुटुंबाचे दोन भाऊ, एक जैनथला आणि एक केळापूर तालुक्यात, एकच रमी खेळून कायद्याच्या दोन वेगळ्या नजरांखाली येऊ शकतात. मोबाइलपुरता हा भेद आता उरलेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशाच्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, मग त्यात कौशल्य असो वा नशीब. बंदीचा बडगा खेळवणाऱ्यांवर आणि जाहिरात करणाऱ्यांवर आहे, खेळणाऱ्यावर नाही, हे योग्यच झाले.

सरसकट बंदीने प्रश्न सुटतो असे आम्ही मानत नाही. तेलुगू वृत्तपत्रांत पेकाटावरच्या, म्हणजे पत्त्यांच्या जुगारावरच्या, छाप्यांच्या बातम्या २०१७ नंतरही येतच आहेत. पण ‘कौशल्य आहे म्हणून पैसे लावू द्या’ हा युक्तिवादही आम्हाला पटत नाही, आणि त्याचे कारण नीतीचे नसून अंकगणिताचे आहे. सहा जणांनी शंभर-शंभर चिंचोके घेतले की पटावर सहाशे आहेत. कौशल्याने ते एकाकडून दुसऱ्याकडे जातात, सहाशेचे सहाशे एक होत नाहीत. आता एक प्रयोग करा : दर डावामागे एक चिंचोका बाजूच्या डबीत टाका, जागा देणाऱ्याचा वाटा म्हणून. सहाशे डावांनंतर सगळे चिंचोके डबीत असतील आणि पटावरच्या सहाही जणांचे हात रिकामे, त्यांत सर्वांत हुशार खेळणाराही आला. क्लब असो की अॅप, डबी प्रत्येक ठिकाणी असते. १९६७च्या त्या निकालातही हिदायतुल्लांनी बजावले होते की क्लबचा मालक रमीतून नफा काढत असल्याचा पुरावा असेल तर गुन्हा लागू शकतो. जाहिरातवाल्यांनी त्यांच्या निकालातले कौशल्य उचलले, हे वाक्य मागेच राहिले.

कौशल्य कळायला किती डाव लागतात हेही चिंचोक्यांवर तपासता येते. घरातल्या पटावर प्रत्येकाच्या नावाने वही ठेवा आणि बैठक संपल्यावर कुणाकडे किती उरले ते लिहा. एका रात्री कोणीही जिंकतो. तीन बदाम धरून दोन पाने मागवणाराही जिंकतो, आणि मग पुढच्या वेळी त्याला आपल्या पद्धतीची खात्री पटलेली असते. पोळ्यापासून संक्रांतीपर्यंतची वही पाहिली तर चित्र थोडे स्थिर होऊ लागते. जो सर्वाधिक वेळा पॅक झाला तो वरच्या बाजूला सरकलेला दिसेल, अशी आमची अपेक्षा आहे. मात्र चिंचोक्यांची एक अडचण आहे. ते फुकट असल्यामुळे लोक पॅक होत नाहीत, आणि मग खेळाचा अर्थच जातो. त्यावर उपाय म्हणजे संपल्यावर नवे न देणे. शंभर गेले की त्या रात्रीपुरते पाने वाटण्याचे काम करायचे.

एक खबरदारी शेवटी सांगायला हवी. तेलंगणाच्या कायद्यात गेमिंगची व्याख्या करताना जिंकलेली गोष्ट पैशाच्या रूपात किंवा अन्य स्वरूपात असली तरी चालते. चिंचोक्यांवर कुणी गुन्हा दाखल करणार नाही, पण ‘हरणाऱ्याने सगळ्यांना मिरचीभजी खाऊ घालायची’ अशी पैज लावली, तर ‘अन्य स्वरूप’ कुठे सुरू होते हा प्रश्न एखाद्या चोख वकिलाला सुचू शकतो. भज्यांचे पैसे सहा जणांनी सारखे वाटून द्यावेत आणि तेही डाव सुरू होण्यापूर्वी.